बेताच्या पैशांत हॉलसाठी मोठा टीव्ही: पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी

टीव्हीच्या खोक्यावर जे काही छापलेलं असतं, त्यातलं बरंचसं खरेदी ठरवताना बाजूला ठेवलं तरी चालतं. पैसे मोजके असतील तर एकच गोष्ट पक्की धरा. टीव्हीतल्या काही गोष्टी तो मोडीत जाईपर्यंत बदलता येत नाहीत: पडद्याचा आकार, पॅनेलचा (म्हणजे चित्र उमटवणाऱ्या काचेचा) प्रकार, त्यामागचा उजेड आणि मागच्या बाजूची, बाहेरची यंत्रं जोडायची एचडीएमआयची भोकं. बाकीच्या गोष्टी नंतर बाहेरून जोडता येतात. आवाज कमी पडला तर साउंडबार लावता येतो, अ‍ॅप रडायला लागली तर स्ट्रीमिंग स्टिक लावता येते, रिमोटसुद्धा दुसरा मिळतो. म्हणून पैसा आधी पहिल्या गटावर घालायचा. दुकानात नेमकं उलटं होतं. तिथे आवाजाचे वॅट, व्हॉइस असिस्टंट आणि चकचकीत मेनू पुढे केले जातात आणि पॅनेल कोणतं ते विचारल्याशिवाय कळत नाही.

पायरी १: आधी खोली मोजा

टेप घ्या आणि सोफ्यावर नेहमी बसता तिथे टेकून बसा. डोळ्यांपासून टीव्हीच्या पडद्यापर्यंतचं अंतर सेंटीमीटरमध्ये मोजा. भिंतीपर्यंत नव्हे, पडद्यापर्यंत. टेबलावर ठेवलेला टीव्ही भिंतीपासून वीत-दीड वीत पुढे येतो, भिंतीवर लावलेला जेमतेम चार बोटं.

आता त्या आकड्याला ४ ने भागा. जे उत्तर येईल तो साधारण किमान आकार, इंचांमध्ये. मग ३ ने भागा, तो कमाल आकार. २६० सेंटीमीटरवर बसत असाल तर ६५ इंचांपासून ८५ इंचांपर्यंत सगळं चालेल. २०० सेंटीमीटरवर ५० ते ६५. या भागाकारामागे दोन कोन आहेत. पडदा डोळ्यांसमोर आडवा सुमारे ३० अंश व्यापत असेल तर रोजचं बघणं आरामात होतं आणि सुमारे ४० अंश व्यापत असेल तर चित्रपटगृहात बसल्यासारखं वाटतं. चित्रपटगृहांच्या चित्र-आवाजाच्या दर्जाची प्रमाणं ठरवणाऱ्या टीएचएक्स या कंपनीची शिफारस या दुसऱ्या कोनाची आहे. मालिका आणि बातम्या जास्त बघणाऱ्यांनी ४ च्या बाजूला राहावं, चित्रपट आणि गेम वाल्यांनी ३ च्या बाजूला सरकावं.

इंच हे माप कर्णाचं असतं, त्यामुळे ५५ आणि ६५ मधला फरक ऐकायला दहाचा वाटतो. क्षेत्रफळ काढलं तर ६५ इंची पडदा जवळजवळ ४० टक्के मोठा निघतो. ५५ इंची पडदा साधारण १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६८ उंच असतो, ६५ इंची १४४ रुंद आणि ८१ उंच, ७५ इंची १६६ रुंद आणि ९३ उंच. कडेची चौकट धरून त्यात एखाद-दोन सेंटीमीटर वाढवा.

हे आकडे वाचून काहीच डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून रंगकामाची कागदी चिकटपट्टी आणा आणि भिंतीवर त्या मापाचा आयत चिकटवा. ६५ आणि ७५ असे दोन आयत एकात एक काढले तर उत्तम. दोन दिवस तसेच राहू द्या. येता-जाता नजर जाते, दाराची कड आड येते का कळतं, स्विचबोर्ड पडद्यामागे झाकला जातोय हेही कळतं. घरातल्या ज्या माणसाला "एवढा मोठा कशाला?" असं वाटत असतं, ते माणूसही दुसऱ्या दिवशी "हा मोठा वाला काही फार वाटत नाही" म्हणायला लागतं. मोठ्या आकाराची सवय लवकर होते, लहान घेतल्याची चुटपुट मात्र राहते. तेव्हा दोन आकारांत अडकला असाल आणि पॅनेल सारखंच असेल, तर मोठा घ्या.

मोजमापाचं आणखी एक काम इथेच उरका. टीव्ही टेबलावर ठेवणार असाल तर हल्ली बहुतेक मॉडेलचे दोन पाय टोकांजवळ असतात. ६५ इंचीचे पाय एकमेकांपासून मीटरभराहून लांब असू शकतात आणि जुनं टेबल तेवढं रुंद नसतं. पायांमधलं अंतर मॉडेलच्या माहितीपत्रकात दिलेलं असतं. आणि खोकं घरात शिरेल का? ६५ इंची टीव्हीचं खोकं सुमारे १६० सेंटीमीटर लांब असतं, ७५ चं त्याहून बरंच मोठं. लिफ्टचं दार, जिन्याचं वळण, घराचं दार, तिन्ही मोजून ठेवा. टीव्ही आडवा झोपवून न्यायचा नसतो, त्यामुळे "तिरका करून घेऊ" हा भरवसा उपयोगाचा नाही.

पायरी २: उजेड बघा

दुपारी, तुम्ही टीव्ही बघता त्या वेळी, सोफ्यावर बसा आणि टीव्हीच्या जागी एखादा मोठा आरसा किंवा काच धरायला सांगा. त्यात खिडकी दिसली तर ती पडद्यातही दिसणार. अशा खोलीत टीव्हीची चमक महत्त्वाची ठरते, काळ्या रंगाचा गडदपणा दुय्यम. उलट तुमचं बघणं रात्री दिवे मालवून होत असेल तर चमक थोडी कमी चालेल, पण काळा रंग काळाच दिसायला हवा. पुढची सगळी निवड या एका उत्तरावर फिरते, म्हणून ते कागदावर लिहून ठेवा: दिवस की रात्र?

शक्य असेल तर खिडकीला जाड पडदा लावा. चित्र सुधारायचा त्याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

पायरी ३: पॅनेल आणि मागचा उजेड

इथे सावकाश वाचा. किमतीतला खरा फरक इथे असतो आणि जाहिरातीतली दिशाभूलही इथेच.

"एलईडी टीव्ही" म्हणून जे मिळतं ते मुळात एलसीडी असतं. एलसीडी स्वतः उजेड देत नाही. मागून पांढरा किंवा निळा उजेड सतत येत असतो आणि पुढचे द्रवस्फटिक तो अडवतात किंवा सोडतात. एलईडी हे फक्त त्या मागच्या दिव्यांचं नाव. अडवणं कधीच शंभर टक्के जमत नाही, थोडा उजेड झिरपतोच. त्यामुळे अंधाराच्या दृश्यात काळा रंग करडा दिसतो.

किती झिरपतो ते पॅनेलच्या जातीवर ठरतं. व्हीए जातीच्या पॅनेलचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे पांढरा काळ्याच्या किती पट उजळ ते प्रमाण, साधारण ३०००:१ ते ६०००:१ असतो. आयपीएस जातीचा १०००:१ च्या आसपास. म्हणजे व्हीएवरचा काळा तीन ते सहापट गडद. मग आयपीएस का घ्यावं? कारण ते बाजूने बघितलं तरी रंग टिकवतं, आणि व्हीए बाजूने फिकं पडतं. सोफा टीव्हीच्या अगदी समोर असेल तर व्हीए. एल आकाराचा सोफा असेल आणि दोघं-तिघं कायम कोपऱ्यातून बघत असतील तर आयपीएसचा विचार करा, विशेषतः दिवसा बघणारं घर असेल तर. बाकी सगळ्यांना मी व्हीएच सुचवेन. बरेच चित्रपट रुंद पट्टीत असतात, त्यामुळे १६:९ च्या पडद्यावर वर-खाली काळ्या पट्ट्या येतात. २.३९:१ मापाचा चित्रपट ६५ इंचांवर लावला तर वर आणि खाली प्रत्येकी दहा सेंटीमीटरची पट्टी रिकामी राहते. आयपीएसवर त्या पट्ट्या रात्री करड्या उजळलेल्या दिसतात आणि एकदा नजरेत भरल्या की सुटत नाहीत.

आता मागचे दिवे. ते तीन तऱ्हेने बसवलेले असतात. पहिल्या तऱ्हेत दिवे फक्त कडेला असतात आणि आतल्या पारदर्शक थरांतून उजेड पसरवला जातो. टीव्ही यामुळे सडपातळ होतो, पण उजेड सगळीकडे सारखा पडत नाही, कोपरे उजळ दिसतात, आणि दिव्यांची उष्णता एकाच कडेला साठते. दुसऱ्या तऱ्हेत पूर्ण पाठीमागे दिव्यांची जाळी असते, पण सगळे एकदमच पेटतात. तिसऱ्या तऱ्हेत त्या जाळीचे गट पाडलेले असतात, ज्यांना झोन म्हणतात, आणि चित्रात जिथे अंधार आहे तिथला झोन मंद होतो. हे लोकल डिमिंग. स्वस्त मॉडेलमध्ये झोन काही डझन असतात, चांगल्यात शेकड्यांनी. मिनी एलईडी म्हणजे दिवे आणखी बारीक आणि झोन आणखी जास्त. झोन कमी असले की काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती उजेडाचं कडं दिसतं, पांढऱ्या सबटायटलभोवतीही दिसतं. तरीही झोन अजिबात नसण्यापेक्षा ते बरं.

टीव्ही सडपातळ असणं हा गुण समजू नका. समोर बसल्यावर जाडी दिसत नाही. पूर्ण पाठीमागे दिवे असलेला टीव्ही चार बोटं जाड असेल तर खुशाल घ्या.

क्यूएलईडी हा शब्द ऐकून बहुतेकजण फसतात. क्यूएलईडीमध्ये निळ्या उजेडापुढे क्वांटम डॉटचा थर असतो. ते अतिसूक्ष्म कण निळा उजेड पिऊन शुद्ध लाल आणि हिरवा उजेड बाहेर टाकतात, त्यामुळे रंग भरघोस दिसतात. क्वांटम डॉटच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, तेव्हा थर खोटा नाही. पण तो रंगांचं काम करतो, काळ्याचं नाही. कडेला दिवे असलेला, लोकल डिमिंग नसलेला टीव्हीसुद्धा क्यूएलईडी म्हणून विकला जातो. म्हणून "क्यूएलईडी आहे का?" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न: "लोकल डिमिंग आहे का आणि ते पूर्ण पाठीमागे आहे का?" विक्रेत्याला सांगता आलं नाही तर नसल्याचं धरून चला.

राहिलं ओएलईडी. त्यात मागचा उजेडच नाही, प्रत्येक पिक्सेल, म्हणजे चित्राचा प्रत्येक ठिपका, स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो. काळा म्हणजे खरोखर विझलेला. बाजूने बघितलं तरी चित्र टिकतं. रात्री चित्रपट बघणाऱ्यांना याच्या जवळपास काही नाही. पण दोन गोष्टी तपासा. कमी किमतीचं ओएलईडी भर दुपारच्या खोलीत फिकं पडतं आणि पूर्ण पांढरा पडदा आला की आपोआप मंद होतं. दुसरं, एकच चित्र तासन्‌तास पडद्यावर राहिलं तर त्याचा डाग कायमचा बसू शकतो. दिवसभर एकच बातम्यांचं चॅनेल, त्याचा कोपऱ्यातला लोगो आणि खालची पट्टी चालू राहणाऱ्या घरात ओएलईडी घेऊ नये. वापरलेलं ओएलईडी घेत असाल तर आधी पूर्ण करडा आणि पूर्ण लाल पडदा लावून बघा. डाग असेल तर त्यावर दिसतो.

पैसे तेवढेच आणि समोर दोन पर्याय: ६५ इंची साधा की ५५ इंची लोकल डिमिंगवाला? पायरी २ चा कागद काढा. दिवस लिहिलं असेल आणि बघणं खेळ, बातम्या, मालिका असं असेल तर ६५ घ्या. रात्र लिहिलं असेल तर ५५ घ्या, आणि सोफा हलत असेल तर जरा पुढे ओढा.

पायरी ४: फोर-के, एट-के

५० इंचांपुढचे टीव्ही आता जवळजवळ सगळे फोर-के असतात, म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल. यावर वेळ घालवायची गरज नाही. एट-के सोडून द्या. चांगली नजर साधारण एका अंशाचा साठावा भाग एवढाच बारकावा वेगळा ओळखते. ६५ इंची फोर-के पडद्यावरचा एक पिक्सेल पाऊण मिलिमीटरच्याही निम्मा असतो आणि तो सुटा दिसायला सव्वा मीटरवर जाऊन बसावं लागेल. त्याहून बारीक पिक्सेल कोणासाठी?

पायरी ५: एचडीआर या शब्दाचा अर्थ

एचडीआर म्हणजे चित्रातला उजेड आणि अंधार यांच्यातलं अंतर वाढवणं. सूर्याची तिरीप चमकायला हवी आणि त्याच चौकटीत सावलीतला चेहराही दिसायला हवा. खोक्यावर "एचडीआर" लिहिलेलं असतं तेव्हा त्याचा अर्थ एवढाच की टीव्ही तो सिग्नल स्वीकारतो. तो दाखवतो की नाही ही निराळी बाब.

दाखवायला चमक लागते आणि ती निट या एककात मोजतात. एचडीआर चित्रपट बऱ्याचदा १००० निटच्या हिशेबाने तयार केलेले असतात. स्वस्त टीव्ही २५० ते ३५० निटवर थांबतात. अशा टीव्हीवर एचडीआर लावलं की उलट चित्र अंधारं वाटतं, कारण वरचा सगळा उजेड त्याला दाबून खाली आणावा लागतो. ६०० निटच्या पुढे आणि लोकल डिमिंग सोबत असेल तर फरक दिसायला लागतो. यापेक्षा कमी चमकेचा टीव्ही घेतलात तर एचडीआरसाठी जादा पैसे मोजू नका, एवढंच.

एचडीआर१० हा त्याचा मूळ प्रकार सगळीकडे असतो. डॉल्बी व्हिजन आणि एचडीआर१०+ हे दोन्ही दृश्यागणिक उजेड कमी-जास्त करण्याच्या सूचना सोबत घेऊन येतात. सॅमसंगचे टीव्ही डॉल्बी व्हिजन घेत नाहीत, ते एचडीआर१०+ घेतात. मध्यम किमतीच्या टीव्हीत यावरून मॉडेल नाकारण्याइतका फरक पडत नाही, असं माझं मत आहे.

पायरी ६: हलतं चित्र आणि मागची भोकं

पॅनेल सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते हर्ट्झमध्ये सांगतात. खरे आकडे बहुतेक दोनच: ६० आणि १२०. थोड्या मॉडेलमध्ये १४४. "मोशन रेट २४०" असं काही लिहिलेलं दिसलं तर तो जाहिरातीचा आकडा समजा आणि "पॅनेल नेटिव्ह किती?" असं सरळ विचारा.

चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असतो. ६० ला २४ ने पूर्ण भाग जात नाही, त्यामुळे एक चौकट दोनदा आणि पुढची तीनदा दाखवावी लागते, आणि कॅमेरा सावकाश आडवा फिरतो तेव्हा बारीक हिसके जाणवतात. १२० ला २४ ने बरोबर पाचाचा भाग जातो. मैदानी खेळातही १२० वर चेंडूमागची शेपटी सहसा कमी दिसते. परवडत असेल तर घ्या, पण लोकल डिमिंग आणि १२० हर्ट्झ यातलं एकच परवडत असेल आणि घरात गेम खेळणारं कोणी नसेल, तर लोकल डिमिंग घ्या.

गेम खेळणारं कोणी असेल तर गणित पालटतं. २०२० मध्ये आलेले प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स हे गेमचे कन्सोल फोर-के १२० हर्ट्झवर चित्र देऊ शकतात. त्यासाठी पॅनेल १२० चं हवं आणि एचडीएमआय २.१ चं पोर्ट, म्हणजे भोक, हवं. जुन्या २.० ची ताकद सेकंदाला १८ गिगाबिट, म्हणजे फोर-के ६० पर्यंतच. २.१ ची ४८ पर्यंत जाते. बऱ्याच टीव्हींत चारपैकी दोनच पोर्ट पूर्ण ताकदीची असतात, आणि पुष्कळदा त्यातलंच एक साउंडबारसाठीचं ईएआरसी पोर्ट असतं. मग साउंडबार आणि एक कन्सोल जोडला की दुसऱ्या कन्सोलला साधं पोर्ट उरतं.

गेम नसले तरी पोर्ट मोजा. सेट-टॉप बॉक्स एक, साउंडबार दोन, स्टिक तीन, आणि कधीतरी लॅपटॉप चार. दोनच पोर्ट असलेला मोठा टीव्ही पुढे त्रास देतो. ती भोकं कोणत्या बाजूला तोंड करून आहेत तेही बघा. थेट मागे, भिंतीकडे तोंड असलेली असतील आणि टीव्ही भिंतीला चिकटवून लावायचा असेल तर केबल वाकून तुटते.

पायरी ७: स्मार्ट वगैरे

गुगल टीव्ही, वेबओएस, टायझेन, फायर टीव्ही, काहीही चालेल. तुमची नेहमीची अ‍ॅप त्यावर आहेत का एवढं बघा. स्वस्त टीव्हीचा प्रोसेसर दोन-तीन वर्षांत हळू पडतो आणि त्या दिवशी एक स्टिक विकत आणून प्रश्न मिटतो. यासाठी जास्त पैसे मोजून पॅनेलवर तडजोड करणं हा सगळ्यात वाईट सौदा.

एक बाब मात्र अनोळखी ब्रँडच्या टीव्हीत तपासा: वाइडवाइन एल१. हे प्रमाणपत्र नसलेल्या अँड्रॉइड टीव्हीवर पैसे भरून बघायची बरीच अ‍ॅप पूर्ण स्पष्टतेत चालतच नाहीत, मग पॅनेल फोर-के असून उपयोग काय? इंटरनेटचं म्हणाल तर नेटफ्लिक्स फोर-केसाठी १५ एमबीपीएस सांगतं. ते वायफायवर टीव्हीच्या जागी मिळतं का, हे फोनवर तिथेच उभं राहून मोजता येतं.

पायरी ८: आवाज आणि भिंत यांचे पैसे आधीच बाजूला काढा

पातळ टीव्हीत मोठा स्पीकर मावत नाही. बहुतेकांचे स्पीकर खाली तोंड करून असतात आणि संवाद टेबलावर आपटून दबलेले ऐकू येतात. "२० वॅट", "४० वॅट" या आकड्यांनी ते बदलत नाही. बजेट ठरवतानाच त्यातला एक हिस्सा साउंडबारसाठी राखा, भले तो सहा महिन्यांनी घ्या. घेताना एआरसी किंवा ईएआरसी पोर्टला लागणारा घ्या, म्हणजे टीव्हीच्याच रिमोटवर आवाज कमी-जास्त होतो. मधला स्पीकर वेगळा असलेला साउंडबार संवादांसाठी बरा. घरात वयस्कर माणसं असतील तर हा खर्च चमकेपेक्षाही आधी धरा. चित्र थोडं फिकं असेल तर चालतं, काय म्हणाला ते कळलं नाही तर बघणंच थांबतं.

भिंतीचं बघू. टीव्हीच्या मागे चार भोकं असतात आणि त्यांच्यातलं अंतर व्हेसा मापाने मिलिमीटरमध्ये सांगतात: ३०० गुणिले २००, ४०० गुणिले ३०० वगैरे. ब्रॅकेट त्या मापाचा आणि टीव्हीच्या वजनाला पुरणारा हवा. वीट-काँक्रीटची भिंत असेल तर अडचण नाही. जिप्समची किंवा लाकडी पोकळ भिंत असेल तर आतला सांगाडा शोधून त्यातच स्क्रू घ्यावे लागतात.

लोक टीव्ही फार उंच लावतात, हे मी घरोघरी बघते. सोफ्यावर बसल्यावर डोळे जमिनीपासून साधारण १०० ते ११० सेंटीमीटरवर येतात आणि पडद्याचा मध्य त्याच्या आसपास हवा. ६५ इंचीची खालची कड मग जमिनीपासून ६५ सेंटीमीटरवर येते. उभं राहून बघितलं तर हे खूप खाली वाटतं. म्हणूनच तर चुकतं: खुणा उभ्याने होतात आणि बघणं बसून. मिस्त्री ड्रिल हातात घेईल तेव्हा तुम्ही सोफ्यावर बसा.

पायरी ९: मॉडेल निवडा, मग दुकानात जा

नवीन मॉडेल वर्षाच्या सुरुवातीला जाहीर होतात, जानेवारीत लास व्हेगासच्या सीईएस प्रदर्शनात त्यातली बरीच दाखवली जातात, आणि पुढच्या काही महिन्यांत ती विक्रीला येतात. त्याच सुमाराला मागच्या वर्षीची मॉडेल खाली उतरतात. टीव्हीचं तंत्र एका वर्षात फारसं पुढे जात नाही. मागच्या वर्षीचा मधल्या श्रेणीचा टीव्ही यंदाच्या खालच्या श्रेणीच्या टीव्हीपेक्षा बहुतेक वेळा सरस असतो. बेताच्या पैशांत मोठा पडदा मिळवायचा हा सगळ्यात भरवशाचा रस्ता आहे.

वर्ष मॉडेलच्या नावात दडलेलं असतं. एलजीच्या ओएलईडीत सी२, सी३, सी४ अशी दरवर्षी एकेक पायरी, सोनीच्या एक्स९० मालिकेत जे, के, एल अशी अक्षरं होती. पूर्ण मॉडेल क्रमांक लिहून घ्या, "अमुक कंपनीचा ६५ वाला" एवढं पुरत नाही. एकाच नावाच्या मालिकेत ५५ इंचीला एक जातीचं पॅनेल आणि ४३ इंचीला दुसऱ्याच जातीचं असं सर्रास असतं, त्यामुळे परीक्षण वाचताना तुमच्याच आकाराचं वाचा.

दुकानात टीव्ही ट्यूबलाइटच्या झोतात, दुकान मोडवर, खास बनवलेल्या रंगीत व्हिडिओवर चालू असतात. फुलं, मासे, मधाची धार. त्यावरून काहीच ठरवता येत नाही. पेन ड्राइव्हवर तीन तुकडे घेऊन जा: एक रात्रीचं अंधारं दृश्य, एक हिरव्या मैदानावर कॅमेरा फिरतानाचा खेळ, एक साध्या माणसाचा जवळून चेहरा. चित्राचा मोड सिनेमा करायला सांगा. अंधाऱ्या दृश्यात कोपरे बघा. मैदानावर कॅमेरा फिरताना मळकट उभे पट्टे सरकताना दिसतात का बघा. चेहऱ्याची त्वचा शेंदरी तर दिसत नाही ना? मग दोन पावलं बाजूला सरका, तुमचा कोपऱ्यातला सोफा जेवढा बाजूला आहे तेवढं. दहा मिनिटांत पुष्कळ कळतं.

वॉरंटीत पॅनेल किती वर्षं धरलंय हे वेगळं विचारा. पॅनेल गेलं तर ते बदलायचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, म्हणून वाढीव वॉरंटी घ्यायचीच झाली तर त्यात पॅनेल लेखी असल्याशिवाय घेऊ नका.

पायरी १०: घरी आल्यावर

खोकं उघडताना दोन माणसं हवीत. पडद्याच्या मधोमध हात लावायचा नाही, खालची कड आणि बाजू धरून उभाच उचलायचा. भिंतीवर चढवण्याआधी चालू करून बघा. पूर्ण पांढरा, काळा, लाल, हिरवा, निळा असे पडदे एकेक लावा. मेलेला पिक्सेल ठिपक्यासारखा दिसतो. काळ्या पडद्यावर खोलीतले दिवे घालवा आणि उजेडाचे ढग कुठे आहेत ते बघा. थोडे असतातच, बोटभर कोपऱ्यात असतील तर सोडून द्या. मधोमध असतील तर परतीची मुदत संपण्याआधी तक्रार नोंदवा.

सुरुवातीला टीव्ही घर की दुकान असं विचारतो, तिथे घर निवडा. नंतर चित्राचा मोड सिनेमा किंवा फिल्ममेकर करा. पहिल्यांदा तो पिवळसर आणि मंद वाटेल. दोन-तीन दिवस द्या, मग जुना मोड लावून बघितलात तर तोच निळा आणि भडक दिसेल. वीजबचतीचा पर्याय बंद करा, "चित्र अंधारं आहे" या तक्रारीमागे पुष्कळदा तोच असतो. हालचाल गुळगुळीत करणारी सोय चित्रपटासाठी बंद ठेवा, नाहीतर सगळं मालिकेच्या शूटिंगसारखं दिसतं. शार्पनेस कमी करा: बऱ्याच टीव्हींत शून्याजवळ, सोनीत मात्र ५० हाच मूळ बिंदू आहे. कन्सोल लावला असेल तर त्या एचडीएमआय पोर्टच्या सेटिंगमध्ये जाऊन वाढीव सिग्नल चालू करावा लागतो, तो कारखान्यातून बहुधा बंद येतो.

परतीची मुदत संपेपर्यंत खोकं आणि थर्माकोल फेकू नका. आणि भिंतीवर चढवण्याआधी पाठीवरच्या स्टिकरचा, मॉडेल आणि अनुक्रमांक वाचता येतील असा फोटो काढून ठेवा. तक्रार नोंदवताना पहिला प्रश्न तोच येतो आणि तोवर स्टिकर भिंतीकडे तोंड करून असतो.